साच्यातला गणपती उजव्या सोंडेचा दिसतो : शेवटच्या वर्षाच्या मांडणीत काय ठेवू, काय काढू?

साचेवाली

नमस्कार मंडळी. शिल्पकला विभागात शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सर लोकही इथे डोकावतात. गाव हमरापूरच्या बाजूला, तालुका पेण, म्हणजे पुढचं तुम्ही ओळखलंच असेल: घरी गणपतीचा कारखाना. शाडू की पीओपी हा वाद कृपया या धाग्यावर नको. आमच्याकडे तो रोज जेवताना होतो.

प्रश्न वार्षिक मांडणीचा आहे. मला एक भिंत आणि तिच्यापुढची थोडी जमीन मिळणार. काम मात्र चार प्रकारचं साठलंय: प्लॅस्टरचं शिल्प, टेराकोटा, ॲक्रिलिकचे कॅनव्हास आणि चारकोल. सगळं मांडलं तर दुकान वाटेल. काढायचं म्हटलं तर काय काढू, ते कळत नाही.

आधी विषय सांगते. मी मूर्ती करत नाही. वर्गात पहिल्या दिवसापासून ‘ही काय, गणपतीच करणार’ असं धरून चालले होते सगळे, त्यामुळे तेवढं सोडून काहीही करायचं हे पक्कं होतं. पण आमच्या शेडमागे जुने साचे पडलेले असतात. काही रबराचे, पीओपी ओतायचे. काही त्याहून जुने, प्लॅस्टरचे, शाडू दाबायचे. रबर जुनं झालं की आधी चिकट होतं, मग कडक, मग त्याला भेगा पडतात. बाबा ते टाकत नाहीत आणि वापरतही नाहीत. आजी कुठलाच साचा उताणा ठेवू देत नाही. विचारलं तर म्हणते धूळ बसते. एवढंच कारण असेल असं मला तरी वाटत नाही.

उताणा साचा एकदा बघाच. शेडच्या दारात उभं राहून आतल्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तो खोल गेलेला दिसतच नाही, बाहेर आलेला दिसतो. एक डोळा मिटा, मग तर हमखास. आपण बाजूला सरकलो की तोही मान वळवून आपल्याकडे बघतोय असं वाटतं. मेंदूने जन्मात खोलगट चेहरा पाहिलेला नसतो, म्हणून तो उजेड-सावलीचा अर्थच फिरवून घेतो. त्यात आणखी एक भर. आमच्याकडच्या जवळजवळ सगळ्या मूर्ती डाव्या सोंडेच्या, उजव्याचं सोवळं कोण सांभाळणार! पण शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात तसंच साच्याचं. आत पाहिलं की सोंड उजवीकडे. आशीर्वादाचा हात डावा. म्हणजे ज्यातून शेकडो डाव्या सोंडेचे निघाले, त्याच्या पोटात एक उजव्या सोंडेचा कायम बसलेला आहे. मला करायचंय ते एवढंच.

आता कामं.

शिल्प: अर्धा साचा मोठा करून, साडेतीन फूट. मातीत मॉडेल केला, त्यावर वेस्ट मोल्ड (एकदाच वापरून फोडायचा साचा), त्यातून प्लॅस्टरमध्ये कास्ट. साच्याचं शिल्प करायला साचा काढावा लागतोय यावर आमचे मोल्डिंगचे मामा अजून हसतात. काम चांगलं झालंय असं मला वाटतं. जड आहे, आणि लोक त्याच्याभोवती फिरतात. फिरून पाठीमागे गेले की तिथे नुसता ओबडधोबड कवच आहे, तेही त्यांना आवडतं.

टेराकोटा: कान, हात, सोंडेचे तुकडे. आमच्याकडे हात वेगळ्या साच्यातून काढून नंतर जोडतात, त्यामुळे हातांचे सुटे साचे भरपूर. हे तुकडे भट्टीतून धडधाकट निघाले. पण आठवड्याभराने कानाच्या पाळीवरून एक टिकली उडाली. खाली वाटाण्याएवढा खड्डा, तळाशी पांढरा ठिपका. मग दुसऱ्या तुकड्यावर तसंच, मग तिसऱ्यावर. कपाटात नुसते ठेवलेले असताना.

कॅनव्हास: शेडमध्ये ओळीने ठेवलेल्या कच्च्या मूर्ती, सगळ्या पांढऱ्या, पत्र्यातून आलेला उजेड. मोबाइलच्या फोटोवरून केलेत. घरच्यांना हेच सगळ्यात आवडतात.

चारकोल: मोठे कागद, साच्याचा आतला चेहरा, अगदी समोरून. माझ्या मते हेच सगळ्यात जिवंत काम होतं. पण सहामाही ज्युरीला बाहेरून आलेले परीक्षक त्याच्यासमोर थांबले आणि म्हणाले, ‘उजव्या सोंडेचा का घेतला? घरात चालतो तुमच्या?’ पाच कागद होते, एकातही त्यांना साचा दिसला नाही. मग सल्ला: एक माध्यम धर, सगळीकडे हात मारू नकोस.

तर (१) चारकोलमध्ये खोलगटपणा दाखवता येतो का, की तो दाखवणं कागदाला जमणारच नाही? (२) टेराकोटाला काय झालंय? (३) चारातलं काय ठेवू?

रंकाळ्याकाठचा

बाळ, परीक्षकांना उजव्या सोंडेचा गणपती दिसला म्हणजे तुझं चारकोल चांगलं आहे, वाईट नाही. फक्त तुला जे दाखवायचं होतं ते त्यात नव्हतं. चाळीसेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्या जोरावर सांगतो.

शेडमध्ये तुला निदान दोन डोळे आहेत. जवळ गेलीस की दोन डोळ्यांच्या हिशेबाने खोली कळते आणि भास मोडतो. कागदावर तोही आधार नाही. शिवाय प्रकाश वरून येतो हे आपण गृहीत धरून बसलेलो असतो. साच्यात वरून उजेड पडला तर हनुवटीकडचा भाग उजळतो आणि कपाळ अंधारात जातं. बघणाऱ्याला वाटतं, खालून दिवा लावलेला चेहरा आहे. तू कितीही प्रामाणिकपणे छटा लाव, समोरून काढलेला खोलगट चेहरा कागदावर बाहेरच येणार.

मग काय करायचं? समोरून काढू नकोस. साचा तिरका ठेव, इतका की जवळची कड आतल्या गालाचा थोडा भाग झाकेल. झाकलेली वस्तू मागे असते, एवढं मेंदू निमूटपणे मानतो. कडेची जाडी काढ, जोडाच्या खाचा काढ. त्याच उजेडात साच्याशेजारी एखादी साधी वस्तू ठेव, डबा म्हण, ब्रश म्हण, आणि तिची सावली खरी काढ, म्हणजे उजेड कुठून येतो यावर वाद राहणार नाही. पण माझा मुख्य उपाय वेगळाच आहे. साचा उलटा कर, डोकं खाली. उलट्या चेहऱ्याला मेंदू चटकन चेहरा म्हणत नाही, त्यामुळे भासाचा जोर उतरतो. आणि मला सांग, पीओपी ओतताना तुमच्याकडे साचा कसा उभा करतात?

कागद गुळगुळीत वापरत असशील तर बदल. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद घे, चारकोल त्याच्यावर धरतो आणि बोटाने पुसून पुसून काळोख आत ढकलता येतो.

साचेवाली

सर, डोकं खालीच! बैठकीच्या बाजूने ओततात, म्हणून साचा उलटाच उभा असतो, बाहेरून पीओपीचं कवच आणि दोऱ्या आवळलेल्या. जन्मापासून बघतेय आणि कागदावर मात्र प्रत्येक वेळी सरळ करून घेत होते. उद्याच बसते.

स्पष्टवक्ता

चार माध्यमं म्हणजे चार दगडांवर पाय. परीक्षक बरोबर बोलले. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून ठेव, शाळेत नोकरी लागली तर लागली. कलाकार म्हणून जगणारे किती आणि उपाशी किती, हे कुणी सांगत नाही. बाकी चालू द्या.

भट्टीवाली

स्पष्टवक्ते, पाय दोनच असतात.

साचेवाली, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या पांढऱ्या ठिपक्यात आहे. माती विभागातल्या हौदातली घेतली होतीस ना? तिथली माती वर्षानुवर्षं तीच फिरते. मॉडेल करा, साचा काढा, माती परत हौदात, आणि दरवेळी तिच्याबरोबर प्लॅस्टरचे कण. मॉडेलिंगला त्याने काही बिघडत नाही. पण भाजल्यावर त्या कणांतला चुना मोकळा होतो, नंतर हवेतली ओल पितो आणि फुगतो. वरच्या मातीला जागा नसते, ती टिकलीसारखी उडते. म्हणूनच भट्टीतून निघताना सगळं ठीक आणि आठवड्याने हा प्रकार. जे तुकडे भाजून झालेत त्यांतून अजूनही टिकल्या उडतील, ते मांडणीत नकोत. भाजण्यासाठी वेगळी माती आण, चांगला पाव हिस्सा ग्रॉग घाल (भाजलेल्या मातीचा चुरा, विकत मिळतो), आणि ती प्लॅस्टरच्या टेबलाच्या आसपासही आणू नकोस. शाडूही मिसळू नकोस. भिंत दीड सेंटिमीटरच्या आसपास, सगळीकडे सारखी. आत सळई किंवा तार अजिबात नाही, माती आकसते आणि सळई आकसत नाही. सावकाश वाळव. भट्टीत पहिले काही तास शंभर अंशांच्या खालीच काढ, पाणी निघून जाऊ दे. मग ९५० ते १००० पर्यंत ने.

आता माझा लोभ. टेराकोटाचं काम तू इतर माध्यमांसारखंच करतेयस, म्हणजे तुकड्याचा आकार मातीत उतरवतेयस. ते प्लॅस्टरमध्येही झालं असतं. मातीला जे एकट्या मातीलाच जमतं ते करून घे तिच्याकडून: ती लहान होते. माझी माती वाळून-भाजून साधारण दहा टक्के आकसते. घरचा प्लॅस्टरचा जुना साचा घे, रबराचा नको, रबर पाणी शोषत नाही आणि माती त्याला चिकटून बसते. समज, साच्यातला चेहरा ३० सेंटिमीटरचा आहे. त्यात माती दाबून चेहरा काढलास आणि भाजलास की तो २७ चा. भाजलेली माती प्लॅस्टरसारखीच पाणी शोषते, म्हणून आता त्या चेहऱ्यावरच ओली माती दाबून साचा काढ. भाजून तो २४ आणि थोडा. त्यातून चेहरा, २२ ला जरा कमी. त्यावरून साचा, जेमतेम २०. आणि प्रत्येक पायरीला सोंड फिरते. डावी, उजवी, डावी, उजवी. नाकनक्षाही दरवेळी थोडा विरत जातो. सोंडेखाली खोल खाच असलेला साचा निवडू नकोस, माती अडकेल. उथळ चेहरा बघ.

साच्यातून माती काढणं आपल्याकडे फार जुनं आहे. वेळ काढून तेरला जा, धाराशिव जिल्ह्यात. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या छोट्या केओलिनच्या (पांढऱ्या मातीच्या) मूर्ती आहेत, दोन साच्यांत दाबून दोन अर्ध जोडलेल्या. बोटाएवढ्या वस्तूसाठी पुढचा वेगळा साचा, मागचा वेगळा. मी काचेला नाक लावून बघत बसले होते, शेवटी रखवालदाराने हटकलं.

बडोद्याचा पाहुणा

मूळचा अलिबागचा, सध्या बडोद्यात एम.व्ही.ए. (शिल्पकला). ‘एक माध्यम धर’ हे इथेही ऐकवतात. गंमत म्हणजे ज्या विद्यापीठात ऐकवतात तिथेच के. जी. सुब्रमण्यन शिकवायचे. चित्रं, टेराकोटाचे उठाव, भित्तिशिल्पं, लहान मुलांची खेळणी, सगळं एकाच माणसाने केलेलं. इथेच शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी आधी तागाच्या दोरांच्या गाठी मारून माणसाहून मोठी शिल्पं करायच्या, नव्वदच्या दशकात मातीकडे वळल्या आणि शेवटी ब्राँझकडे. त्यांचं मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोराचं शिल्प त्यांनी मातीत पुन्हा केलं नाही. माध्यम बदललं तसं कामही बदललं.

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: माध्यम काढू नकोस, कॅनव्हास काढ. रागावू नकोस. पांढऱ्या मूर्तींची ओळ फोटोतच पुरेशी छान आहे, रंगाने तिथे काय केलं ते तुझ्या वर्णनात मला सापडलं नाही. आणि त्या चित्रांत साचाही नाही.

पण रंग हवाय. साच्यात रंग कधीच नसतो ना? तो आत असतो तेव्हा सगळा एकाच रंगाचा, आंधळा. डोळे बाहेर आल्यावर मिळतात. तुमच्याकडे डोळ्यांची आखणी कोण करतं? त्या हाताकडे बघ. ॲक्रिलिकच्या ट्यूब बाजूला ठेव आणि कारखान्यातलेच रंग घे, जे डबे उघडे आहेत तेच. चित्रकार प्रभाकर बरवे कॅनव्हासवर एनॅमल पेंट वापरायचे, तेव्हा ‘हा रंग चित्राचा नाही’ असं कुणी म्हटलं तर दुर्लक्ष कर.

मोठ्या शिल्पाबद्दल एक शंका. साडेतीन फुटी प्लॅस्टर गॅलरीपर्यंत नेणार कसं? कोपरे उडतील. सिमेंटमध्ये कास्ट करायचा विचार केलास का? सासवणं तुझ्या घरापासून फार लांब नाही. नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय बघितलं नसशील तर आधी ते बघ, सिमेंटमध्ये कातडीचा मऊपणा कसा आणलाय ते कळेल. लंडनमध्ये रेचल व्हाइटरीडने १९९३ मध्ये अख्ख्या घराच्या आत काँक्रीट फवारून बाहेरच्या भिंती काढून टाकल्या होत्या, घरातली पोकळीच तेवढी उभी राहिली. पुढच्याच वर्षी ते पाडलं. तुझं काम त्याच्या बरोबर उलट आहे. ती पोकळी भरते, तू ती रिकामी ठेवतेस. ज्युरीत हे नाव कुणीतरी काढेलच, तयार राहा.

रंकाळ्याकाठचा

पाहुण्यांशी कॅनव्हासबद्दल सहमत, सिमेंटबद्दल नाही. शेवटच्या वर्षी नवीन कास्टिंगच्या भानगडीत पडू नये. प्लॅस्टरला आतून काथ्या आणि पट्ट्यांचा आधार दे, गोधडीत गुंडाळून ने. कारखान्यातल्या पोरीला मूर्ती हलवायला आपण काय शिकवणार!

आणि उंची बघ. शिल्प जमिनीवर आडवं ठेवलंस तर लोक वरून दोन्ही डोळ्यांनी बघतील, खोली लगेच कळेल. भिंतीला उभं करून लांबून बघायला लावलंस तर भास राहील. तुला काय हवंय ते तू ठरव.

साचेवाली

सगळ्यांचे आभार. वेळ लावला उत्तराला, कारण मध्ये काम करून बघत होते.

सर, डोकं खाली करून काढलेला पहिला कागद मैत्रिणीला दाखवला, काही न सांगता. तिने आधी ‘मडकं आहे का?’ विचारलं, मग ‘अगं, आत कुणीतरी आहे.’ मला हेच हवं होतं. आधी पोकळी, मग चेहरा. तिरका ठेवूनही केला, त्यात खोली स्पष्ट येते पण जरा पाठ्यपुस्तकातली आकृती वाटते. म्हणून उलटेच ठेवणार. जुन्या पाचांतला एक सरळ चेहराही ठेवणार आहे, शेजारीच, काही न लिहिता. विचारू देत उजव्या सोंडेचा का.

शिल्प भिंतीला उभं. दारातून आत आलेल्याला चेहरा बाहेर आलेला दिसेल, जवळ येईल तसा तो आत जाईल. गॅलरीत जागा मोजून पाहिली, तेवढं अंतर मिळतंय. सिमेंट पुढच्या वेळी. सासवण्याला शाळेच्या सहलीत गेले होते तेव्हा आम्ही सगळ्या म्हशीच्या शिल्पाशेजारी उभ्या राहून फोटो काढत होतो, बघितलं काहीच नाही. पुन्हा जाईन.

कॅनव्हास काढले. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, मग बैठकीच्या खोलीत लावू, म्हणजे तो प्रश्न मिटला. आखणी आमच्याकडे आत्या करते. तिच्या मांडीशेजारी प्लायचा एक तुकडा असतो, ब्रशचं टोक आणि रंगाची धार बघायला. मूर्तीवर ब्रश टेकवायच्या आधी ती त्यावर एक बारीक काळी रेघ मारते, कधी भुवईची, कधी नुसती बाहुली, आणि कधी ब्रश पुसून टाकते. अनेक हंगामांचे थर आहेत त्यावर, खालचे आता ओळखू येत नाहीत. आधी वाटलं तो प्लायच भिंतीवर लावावा. आत्या म्हणाली, लाव की, पण मग माझं नाव लिही. बरोबर आहे तिचं. तो तिचा आहे, मी तो माझं चित्र म्हणून टांगू शकत नाही. म्हणून आता तिच्याशेजारी बसून तिच्याच डब्यांतल्या रंगाने दुसऱ्या फळीवर मी रेघा मारतेय. तिच्या रेघेला सुरुवात आणि शेवट सारखा बारीक असतो, माझी शेवटी जाड होते. हंगाम संपेपर्यंत जेवढी भरेल तेवढी फळी ठेवणार. तिचा प्लायही शेजारी लावणार, तिच्या नावाने. कॉलेजला चालेल का ते विचारायचंय.

भट्टीवाली ताई, आकसणारी मालिका करायचीच. बाबांनी आजोबांचा एक उथळ साचा काढून दिला. त्याच्या कडा झिजल्यात, पण चेहरा शाबूत आहे. अडचण भट्टीची. कॉलेजची भट्टी सगळ्यांची, माझी पाळी महिन्यातून एकदा, आणि या कामाला एकामागून एक चार भाजण्या लागणार. पनवेल-पेणच्या पट्ट्यात कुणाकडे छोटी इलेक्ट्रिक भट्टी असेल तर सांगा, विजेचे पैसे देईन. कारखान्याच्या सामानाचा टेम्पो आठवड्याला पनवेलला जातो, तुकडे त्यातून पाठवता येतील.

भट्टीवाली

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मातीचा एक गोळा आधी भाजून बघ, दहा टक्के माझ्या मातीचे आहेत, तुझ्या मातीचे वेगळे निघतील. ओल्या पट्टीवर दहा सेंटिमीटरची खूण कर, भाजल्यावर मोज, मग पुढचा हिशेब मांड.